ओट्यावर बसायची पाळी

पालघर
९ जानेवारी १९६७

श्री. चंद्रभान मिस्तरी यांस,

पत्र मिळालं. दोन कागद होते. एक माझ्यासाठी आणि दुसरा वेगळी घडी घालून, वर 'रखमाबाईस वाचून दाखवणे' असं लिहिलेला. मी दोन्ही वाचले. आईला अक्षरओळख नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तिच्या नावाने आलेलं सगळं माझ्याच डोळ्यांखालून जातं. आता उत्तर ऐका. तो कागद मी आईला वाचून दाखवणार नाही. ती बोईसरला तुमच्याबरोबर राहायला येणार नाही. विषय संपला.

संपला म्हणूनही पुढे लिहिते आहे, कारण राग काही कागदाच्या पहिल्या चार ओळींत मावत नाही. इतक्या वर्षांनी तुम्ही लिहिता, "तारापूरच्या बांधकामावर फिटर म्हणून लागलो आहे, खोली मिळाली आहे, तीन वर्षं थेंब घेतलेला नाही, आता तिला घेऊन येतो." जणू तिला तुम्ही कुठे ठेवायला दिलं होतं. मनमाडला रेल्वेतली नोकरी गेल्यावर तुम्ही एक दिवस पिशवी उचलून निघून गेलात. आम्हाला मामाने नाशकाला नेलं. आई आज मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथेच राहते, पोरी तिला मावशी म्हणून हाका मारतात. मी मामाचं आडनाव लावून शिकले. हे सगळं तुमच्याशिवाय झालं.

तुम्हाला माझा पत्ता कसा मिळाला तेही कळलं. मी आणि माझ्याबरोबरचा नरहरी, आम्ही विद्यापीठात संशोधन करतो. माणसाची दारू सुटते कशी, आणि सुटलेली राहते का, हा आमचा विषय. त्यासाठी वर्षभर या भागात फिरायचं आहे. आमच्या प्रश्नांच्या कागदावर तळाशी नाव-पत्ता छापलेला असतो. तसा एक कागद तुमच्या चाळीत पोचला. आमच्या मार्गदर्शक सरांनी मला विचारलं होतं, हाच विषय का. मी म्हटलं, दारूबंदीच्या राज्यात महत्त्वाचा आहे म्हणून. खरं कारण त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही.

करून करून भागले आणि देवपूजेला लागले, असली माणसं मी या कामात पुष्कळ बघते. चौथीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही झोकांड्या खात मंचावर चढलात, पाहुण्यांच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातलात, आणि तिथेच पायरीवर आडवे झालात. तुमच्या लेखी ते कौतुक होतं. त्यानंतर मी कधी कुठल्या स्पर्धेत नाव दिलं नाही.

पुन्हा लिहू नका.

शैला


पालघर
५ फेब्रुवारी १९६७

चंद्रभान मिस्तरी यांस,

लिहू नका म्हटलं होतं तरी तुमचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ, "तुझं बरोबर आहे." असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, असा तुमचा हिशेब असेल. माझं होत नाही.

मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. गेला महिना आम्ही घरोघर विचारत फिरलो, तुमच्यात कोणी पितं का. दारूबंदी असल्यामुळे सगळा तालुका सोवळा निघाला. दांडी गावात तर आम्हाला सरकारी माणसं समजून एका बाईने मागच्या दाराने मडकं विहिरीत सोडलं आणि तिच्या सासऱ्याने पुढच्या दारी आम्हाला सरबत पाजलं. नरहरी साताऱ्याकडचा, सरळ माणूस. तो दोघांनाही नमस्कार करून आला. शेवटी सरांनी सुचवलं की पिणारे शोधू नका, सोडलेले शोधा, ते आपण होऊन बोलतील.

ते बोलले. आणि प्रत्येकाला आम्ही विचारलं की कोणामुळे सुटली, तर उत्तर एकच. मिस्तरीमुळे. उमरोळीत तेच, कोळगावात तेच, बोईसरच्या मजुरांच्या झोपड्यांतून हिंदीत तेच. नरहरी लिहून घेत होता आणि त्याचा चेहरा फुलत होता. मी शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

उमरोळीच्या पंढरीने त्याच्या ओट्यावर बसवून आम्हाला तुमची रीत सांगितली. म्हणाला, "रविवारी आमी हितंच जमतो. सोडनाऱ्यानं खाली बसायचं, तोंड उगडायचं नाय. घरची बाई बोलते. बायको, आय, बहीन, जी आसंल ती. ती काय बी बोलंल, आपुन ऐकायचं. बोलून झालं आनि तिनं आपल्या हातानं पानी आनून दिलं, का सुटला. नाय दिलं, तर फुडच्या रविवारी परत बसायचं. मी आख्खा पावसाला बसलोय."

नरहरीने विचारलं, हे कोणी सुरू केलं. पंढरी म्हणाला, "मिस्तरीनं. त्यो बोल्ला, दारू प्यायलेला मानूस लय बोलतो, त्याला पयला गप बसाया शिकवा."

हे ऐकून मला हसू आलं, आणि ते बरं हसू नव्हतं. गप बसणं तुम्ही शिकवता. तुम्ही, ज्यांचं बोलणं ऐकून शेजारचे आपल्या मुलांना आत बोलावून घेत.

नरहरी म्हणतो, या माणसाची मुलाखत झाल्याशिवाय आपलं काम अपुरं आहे. मला ते पटतं, आणि पटतं याचाच जास्त राग येतो. आमच्या सरांचा एक नियम आहे, नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही. मी नरहरीला नातं सांगितलेलं नाही, प्रकृतीचं कारण सांगितलं आहे. येत्या आठवड्यात तो एकटा येईल. विचारेल त्याची खरी उत्तरं द्या. माझं नाव काढू नका. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा, आजवर काही केलेलं नाही.

शैला


पालघर
२७ फेब्रुवारी १९६७

मिस्तरी,

नरहरी तुमच्याकडून आला तो तुमचा भक्त होऊनच आला. काय माणूस आहे, म्हणतो. त्याने मला पानं वाचून दाखवली. घरी कोण आहे, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "बायको हाये. पोरगी हाये, शिकती." पुढे त्याने विचारलं, भेट होते का, तर म्हणालात, "ती कामात असती." नाव घेतलं नाहीत, शब्द पाळलात. तरी मला ते ऐकवेना. हक्काने 'हाये' म्हणायला तुम्ही काय केलंत, असं ओरडावंसं वाटलं, पण नरहरीसमोर ओरडून काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी मी पंढरीच्या बायकोकडे गेले, बायकांचे प्रश्न वेगळे असतात म्हणून. गोजराबाई भात पाखडत होती. मी कागद काढायच्या आत तिनेच सुरुवात केली.

"तू मिस्तरीची पोर ना?"

मी नाही म्हटलं.

"मंग हनुवटी कोनाची घेऊन फिरतेस?" ती म्हणाली. "बस. कोनाला नाय सांगत मी."

मग तिने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही सगळ्यांना बसवता पण स्वतः कधी बसला नाहीत. रविवारी खांबाला टेकून उभे राहता. एकदा तिने तोंडावर विचारलं, मिस्तरी, तुमची पाळी कधी? तर म्हणालात, माझ्या घरचं बोलायला कोणी नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी गोजराबाईला म्हटलं, बघा, हा माणूस असा आहे, म्हणूनच त्याचं पत्र मी आईला दाखवलं नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "कसलं पत्र?"

मी सांगितलं.

"मंग आये काय बोल्ली?"

"तिला माहीत नाही. तिला पुन्हा त्रास नको."

"तरास नको हे कोनी ठरवलं? तू. आनि जायाचं नाय हे बी तूच ठरवलंस. तिला कोनी इचारलंच नाय," गोजराबाई म्हणाली. "माजा दादला प्यायचा तवा आसंच करायचा. माज्या वाटचं समदं त्योच बोलायचा, त्योच ठरवायचा. तू तर पीत बी नायस."

तुमच्या बाजूने कोणी बोललं असतं तर मी भांडले असते. ती आईच्या बाजूने बोलली. प्रश्नांचा कागद कोराच घेऊन मी परत आले.

परवा जव्हारच्या गाडीने नाशकाला जाते आहे. तुमचा कागद बरोबर घेतला आहे. हे तुमच्यासाठी करत नाही, नीट लक्षात ठेवा.

शैला


नाशिक
९ मार्च १९६७

मिस्तरी,

आईला कागद वाचून दाखवला. ती वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर मेथी निवडत होती. मी एका सुरात वाचलं, कुठेही आवाज न चढवता, बातम्या सांगतात तसं. तुम्ही लिहिलंय ना, "तुझ्या हातच्या बाजरीच्या भाकरीची याद येते", ते वाक्य गाळायचं माझ्या फार मनात होतं. गाळलं नाही.

ऐकून ती म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, "हे तुझ्याकडं कधीपासून आहे?" मी म्हटलं, जानेवारीपासून. त्यावर ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढताना पोळी ताटात टाकायची तीसुद्धा दुसरीकडे बघून. आजवर आई माझ्याशी अशी कधी वागली नव्हती. याचाही दोष मी तुम्हालाच देते, तुमच्या खात्यावर जागा पुष्कळ आहे.

ओट्याचं मी आल्या दिवशी ओझरतं सांगितलं होतं. काल तिने विचारलं, "ते ओट्यावर बसतात म्हणतेस, ते बायकांना बोलू देतात ते, खरं आहे का?" मी पंढरीचं आणि गोजराबाईचं सगळं सांगितलं. तुम्ही कधी बसला नाहीत तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग रविवारी ने मला तिथं."

कशाला, असं मी विचारलं. "बोलावलंय ना," ती म्हणाली.

तर १९ तारखेला आम्ही येतो. पंढरीला सांगून ठेवा आणि तुम्ही बसायचं आहे. खांब नाही. खोली झाडूनपुसून ठेवू नका, नवं पातेलं आणू नका, आई येते आहे ती ऐकवायला येते आहे.

असं मी लिहिते खरी, पण मला खात्री नाही. मला भीती वाटते आहे. आई आजवर सगळ्यांना हो म्हणत आली. तुम्हाला म्हणाली, मामीला म्हणाली, वसतिगृहाच्या बाईंना म्हणते. तुमची पडलेली मान बघून ती हो म्हणेल आणि तिचं बोचकं घेऊन त्या खोलीत जाईल. तसं झालं तर मी त्या घराची पायरी चढणार नाही. म्हणजे तुम्ही एकदा आमच्यातून निघून गेलात ते गेलात, आता येऊन आईलाही घेऊन जाल आणि मी एकटी राहीन. हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

शैला


पालघर
३ एप्रिल १९६७

मिस्तरी,

त्या रविवारी तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत मान खाली घालून बसला होतात. तुम्हाला स्वतःचे गुडघे सोडून काही दिसलं नसेल. म्हणून लिहिते.

पंढरीच्या ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मिस्तरी बसणार ही बातमी पार दांडीपर्यंत गेली होती. नरहरी माझ्याशेजारी अंगणात उभा होता. तुम्ही खाली बसलात आणि आई तुमच्यासमोर पाटावर बसली, तेव्हा त्याने एकदा तुमच्याकडे, एकदा तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्याने हातातली वही मिटली.

आई तुमच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. मला वाटलं, विरघळली. मी ओट्याच्या पायरीला धरून उभी होते. मग ती बोलली ते तुम्ही ऐकलंत, पण आईचा चेहरा पाहिला नाहीत. ती रागावलेली नव्हती. दळण संपल्यावर बाई बोलते तशी बोलत होती.

"मला फार बोलायचं नाही. तुम्ही प्यायचे तेव्हा मी रोज बोलायचे. तुमच्याशी बोलले, भिंतीशी बोलले, चुलीशी बोलले. आता तुम्ही ऐकायला बसलात, तर माझं बोलणं सरलंय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिथे कोणी एवढं थोडं बोललेलं नव्हतं. मग आई म्हणाली, "एकच सांगते. मी राहते त्या खोलीला आतून कडी आहे. ती मीच लावते आणि मीच काढते."

पंढरीला काही कळलं नाही, कोणालाच कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुमचे खांदे हलले ते मी पाहिलं. मनमाडला एकदा आईने तुम्हाला घरात घेतलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी, शुद्धीवर असताना, तुम्ही स्वतःची हत्यारं घेऊन बसलात आणि दाराची आतली कडी काढून टाकलीत. फिटरचं काम, एक भोकसुद्धा वेडंवाकडं पडलं नाही. त्यानंतर आम्ही तिथे राहत होतो तोवर ते दार आतून कधी लागलं नाही. मी हे विसरले होते असं नाही, पण तुमच्या पिण्याच्या गोष्टी सांगताना मी ती कधी धरली नव्हती. तेव्हा तुम्ही प्यायलेले नव्हतात ना, म्हणून. आईने नेमकी तीच धरली.

"तुम्ही सोडलीत, चांगलं केलंत," आई म्हणाली. "मी येणार नाही."

गोजराबाईने रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला होता. आईने तो पाहिला. ती उठली, ओट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागली. गोजराबाई तेवढी फाटकापर्यंत आली आणि आईच्या हातात चार भेंड्या आणि पालेभाजी बांधलेलं फडकं देऊन गेली.

बरंच चालल्यावर आई म्हणाली, "बारीक झालेत गं." दुसऱ्या दिवशी नाशकाच्या गाडीत बसवलं तेव्हा ती खिडकीतून मला म्हणाली, "माझी पत्रं आली की दाबून ठेवू नको, वाचून दाखवत जा."

मला वाटलं होतं, ती नाही म्हणाली तर मला आनंद होईल. झाला. पण तो घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. तुम्ही त्या ओट्यावर बसून राहिलात, सगळे उठून गेले तरी बसून राहिलात, असं नरहरीने सांगितलं. मला वाईट वाटलं. कशाला वाटावं, असा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आहे आणि रोज स्वतःवर चिडते आहे.

परवा मुंबईला जाऊन मी सरांना खरं सांगितलं, की हा मिस्तरी माझा बाप आहे. सर रागावले आणि योग्यच रागावले. आता तुमच्याबद्दल मला एक ओळही लिहिता येणार नाही, ते प्रकरण नरहरी लिहील. त्याचं सगळं वाचून झाल्यावर सर म्हणाले, तुमच्या या सगळ्या माणसांच्या घरी कोणी ना कोणी परत आलेलं आहे. पाणी मिळालं, संसार मिळाला, म्हणून ती टिकली. ज्याच्याकडे कोणीच परत येणार नाही त्याची सुटलेली राहते का, हे तुमच्या कामात कुठे आहे? नरहरी माझ्याकडे बघायला लागला.

त्याचं उत्तर आमच्याकडे नाही, फक्त तुमच्याकडे आहे. आजवर तुमच्याजवळ न पिण्याला कारण होतं. एक दिवस रखमा येईल. ते कारण आईने काढून घेतलं आणि तो तिचा हक्क होता. आता कामावरून सुटल्यावर भट्टीच्या वाटेने गेलात तर तुम्हाला कोणी अडवणार नाही, आणि पंढरीचा ओटासुद्धा तुम्हाला फार काही बोलू शकणार नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही. आई येणार नाही. मीही येणार नाही.

तरी पिऊ नका.

शैला